आधी पोरांना टोचा, बाई

आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झाली. आता निवृत्त होऊन निमोण्यात राहते. पण लोकांनी मला अजून निवृत्त केलेलं नाही. नोकरीत सगळा जन्म लेकरांच्या आणि गरोदर बायांच्या दंडांवर गेला. पोलिओ, गोवर, धनुर्वात हेच आमचं काम. म्हाताऱ्या माणसांना लस द्यायची असते हा विषय कोविडपर्यंत कधी निघालाच नाही. फ्लूच्या लसीचं विचारायला लोक आता येतात, तेही म्हातारं माणूस स्वतः येत नाही, पुण्यात नाहीतर रांजणगावच्या कंपनीत असलेल्या मुलाचा फोन येतो, “बाई, आमच्या आईला तेवढं पटवा की.” त्या पटवापटवीत जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. सुईची भीती हे कारण नसतं.

सत्तरीच्या पुढच्या कुणाचाही दंड बघा, देवी काढल्याचे वाटोळे व्रण दिसतील. आमच्या वस्तीवरचे एक आजोबा लसीचं नाव काढलं की नेहरू शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवतात, त्या दोन खड्ड्यांवरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, “हे बघा, आमचं झालंय.” ही पिढी सुया खातच वाढली. शाळेत रांग लावून देवी टोचली, वारीला जाताना पटकीची सुई टोचली. देवीच्या लसीवर त्यांनी कधी वाद घातला नाही, कारण वण पडलेले चेहरे आणि गेलेले डोळे त्यांनी गावात पाहिले होते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. म्हणजे ही सगळी माणसं तेव्हा जाणती होती.

आजही अंगात कणकण असली आणि डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या तर हीच मंडळी घरी येऊन कुरकुरतात, “सुई मारलीच न्हाय.” अशक्तपणा आला की सलाईनची बाटली लावा म्हणून स्वतः मागतात. आजारात टोचलेली सुई म्हणजे इलाज आणि धडधाकट असताना टोचलेली म्हणजे नसती उठाठेव, असा त्यांचा हिशोब आहे. त्यावर मी एकच विचारते, कांद्यावर करपा पडल्यावर फवारता की आधी? शेतकऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही. मात्र त्याचा पुढचा प्रश्न लगेच येतो, “औषध केवढ्याला?”

२. पैशाची अडचण कुणी पैशाची म्हणून सांगत नाही.

“मला सर्दी होतच नाही.” “आमच्या अंगाला असलं सोसत नाही.” “आधी पोरांना टोचा, बाई.” ही सगळी उत्तरं सुनेसमोर दिली जातात. सून पाणी आणायला आत गेली की आवाज खाली येतो, “पडती केवढ्याला?”

फ्लूची लस खासगी दवाखान्यात साधारण दीड ते अडीच हजारांना पडते. श्रावणबाळ योजनेतून म्हाताऱ्या माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. म्हणजे एक सुई म्हणजे अख्ख्या महिन्याची पेन्शन, नवरा-बायकोला दोन सुया, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. “दरवर्षी?” हा शब्द ऐकला की निम्मी माणसं तिथंच उठतात. देवीची एकदा टोचली ती जन्माला पुरली, मग हिला काय झालं? फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, आणि लसीचा जोरही काही महिन्यांत उतरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. हे मी सांगते, त्यांना समजतंही. पण समजल्याने खिसा जड होत नाही. ज्या वर्षी कांद्याने काढणीचा खर्चही दिला नाही त्या वर्षी मी कोणत्या तोंडाने दोन हजारांची गोष्ट काढू?

इथं सरकारचं एक कोडं मला सुटलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे दवाखान्यातले उपचार मोफत आहेत. म्हातारा न्युमोनिया होऊन आयसीयूत पडला तर सरकार पैसे भरणार. तो पडू नये म्हणून द्यायची सुई मात्र त्याची त्याने घ्यायची, कारण देशाच्या सरकारी लसीकरणात म्हाताऱ्यांसाठी फ्लूची लस नाही. आपल्या राज्याने २०१५ पासून गरोदर माता आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्या लोकांना सरकारी दवाखान्यातून स्वाईन फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. म्हणून पहिली चौकशी सरकारी दवाखान्यात करावी असं मी सगळ्यांना सांगते. तिथं नसेल तरच खासगीकडे वळावं.

मुलांसाठी एक युक्ती. आई-वडिलांसमोर किमतीची चर्चा करू नका. डॉक्टरकडे पैसे आधी भरून या आणि घरी येऊन एवढंच सांगा, “पैसे भरलेत, आता परत मिळायचे नाहीत.” जी आजी पैसे लागतात म्हणून नाही म्हणत होती, ती पैसे वाया जातील म्हणून उठून लुगडं बदलते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

३. फ्लूला आजार म्हणून कुणी मोजत नाही.

पडसं-खोकला म्हणजे काढा, वाफ आणि तीन दिवस. स्वाईन फ्लू मात्र सगळ्यांना माहीत आहे. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो शाळेतल्या मुलीचा. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली, नायडू हॉस्पिटलपुढे रांगा लागल्या. तोंडाला रुमाल बांधून गावी आलेली पुण्याची माणसं आमच्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यातून म्हाताऱ्यांनी निष्कर्ष काढला की हा शहरातल्या तरण्या पोरांचा आजार. आणि गंमत म्हणजे त्या साथीपुरता तो फारसा चुकीचा नव्हता. तशाच जुन्या विषाणूशी लहानपणी गाठ पडलेली असल्यामुळे वयस्कर माणसांना त्या वेळी थोडं संरक्षण होतं, मार तरुणांना जास्त बसला. पण दरवर्षीचा फ्लू, विशेषतः एच-थ्री-एन-टू हा प्रकार, उलटा चालतो. तो म्हाताऱ्यांनाच गाठतो.

आणखी मागे गेलं तर १९१८ ची साथ, जिला जुनी माणसं मानमोडी म्हणायची. तिच्यामुळे १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आज नव्वदीत असलेल्यांनीही ती पाहिलेली नाही, आपल्या आईबापांच्या तोंडून तेवढी ऐकली आहे. त्यामुळे तिचा धाक उरलेला नाही.

खरी अडचण अशी की फ्लूने माणूस गेला असं गावात कधी कुणी म्हणत नाही. दम्याचा माणूस पावसाळ्यात तापाने पडतो, छाती भरते, शिरूरला नेतात, आणि मग दहाव्याला लोक सांगतात न्युमोनिया झाला होता. साखर असलेल्या बाईला चार दिवस ताप येतो आणि पाठोपाठ छातीत कळ येते. तो अटॅक म्हणून लागतो. फ्लूनंतरच्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो हे डॉक्टरांना माहीत असतं, सुतकातल्या घराला नसतं. आमच्याच तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण केंद्र आहे. तिथल्या लोकांनी आजूबाजूच्या गावांतल्या दाखल रुग्णांच्या नाका-घशाचे नमुने तपासून खेड्यातही फ्लू किती माणसांना दवाखान्यात पोचवतो याचा माग काढला. तपासलं तर सापडतो. आपण तपासत नाही.

४. डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या तासाभराच्या बोलण्याला भारी पडतं.

“डॉक्टरांनी कुठं सांगितलंय?” हे मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. आणि ते खरं असतं. शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी माणूस महिन्याला डॉक्टरांपुढे बसतो, पण बाहेर बाकावर पंचवीस पेशंट बसलेले असतात. लसीचं काढायला डॉक्टरांना सवड नसते. काहींना वाटतं, म्हातारा म्हणेल धंदा करतोय. मग गोळ्या लिहून होतात आणि लस राहून जाते. देशभरातल्या वयस्कर माणसांच्या मोठ्या पाहणीत फ्लूची लस कधी ना कधी घेतलेले शंभरात दोनसुद्धा निघाले नव्हते. ते सगळे नाही म्हणाले होते असं मला वाटत नाही. बहुतेकांना कुणी विचारलंच नव्हतं.

ज्या डॉक्टरांनी मान वर करून “काका, यंदा पावसाच्या आधी ही घेऊन टाका” म्हटलं, त्यांच्याकडे घेणारे आहेत. वर्षानुवर्षं ज्याने आपली नाडी धरली त्याचं ऐकायचं, ही पद्धतच आहे. केईएमच्या डॉक्टर बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात वढूच्या भागात काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं होतं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओळखीच्या तोंडून आलेली गोष्ट घरात शिरते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

५. तीच माणसं, पण सोय असली की घेतात.

माझी भाची लंडनजवळ असते. तिचे सासू-सासरे आता तिथंच स्थायिक आहेत. सासूबाई मूळच्या आपल्याच बाजूच्या, आणि इकडे असताना साधी क्रोसीन घ्यायलाही कां-कूं करणाऱ्या. तिथं पासष्टीच्या पुढच्यांना सरकारकडून फ्लूची लस मोफत. थंडीच्या आधी निरोप येतो, जवळच्या औषधाच्या दुकानात जायचं, बाही वर करायची आणि घरी यायचं. त्या दरवर्षी घेतात. मी फोनवर विचारलं, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, “अगं, सगळ्याच घेतात, मग आपण एकट्या कशाला मागं राहायचं?” इंग्लंडात पासष्टीच्या पुढच्या चारांतले जवळपास तिघं ही लस घेतात. त्या देशात जाऊन सासूबाई काही विज्ञानवादी झालेल्या नाहीत. गुरुवारचा उपास अजून चालू आहे.

निमोण्याहून लस घ्यायची म्हणजे शिरूरला जायचं. एसटीची वाट बघायची किंवा मुलाने खाडा करून गाडीवर न्यायचं. दवाखान्यात गेल्यावर लस शिल्लक नाही असंही होतं, कारण ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि मागणी नाही म्हणून कुणी साठा करून ठेवत नाही. असा एक हेलपाटा फुकट गेला की ते माणूस पुन्हा जात नाही. म्हणून आधी फोन करून लस आहे का विचारावं, आणि चौघं-पाचजण मिळून एकाच गाडीने जावं. सोबत असली की गप्पा होतात, येताना शिरूरचा बाजारही होतो, आणि “तिने घेतली मग मी पण” हे आपोआप घडतं.

६. खोटं आश्वासन देऊ नये.

“ही घेतली की सर्दी होणार नाही” असं सांगून टोचलेला माणूस श्रावणात शिंकला की लस बदनाम होते आणि सांगणाराही. सर्दी-खोकल्याचे विषाणू अनेक आहेत. ही लस फक्त फ्लूवर आहे. त्यातही ती पुरी ढाल नाही. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षी ती साधारण निम्म्या लोकांचा आजार टाळते, म्हाताऱ्यांमध्ये त्याहून कमी. पण आजार झालाच तर दवाखान्यात दाखल होण्याची, ऑक्सिजन लावण्याची वेळ कमी जणांवर येते. मी एवढंच सांगते. आश्चर्य म्हणजे अर्धवट फायद्याची गोष्ट शेतकऱ्यांना सहज पटते. शंभर टक्क्यांचं वचन देणाऱ्यांनी त्यांना आयुष्यभर फसवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दंड दुखेल, कदाचित अंग मोडून येईल, एखाद्याला ताप येईल, एक-दोन दिवसांत जाईल, हे सुई टोचायच्या आधी सांगायचं. आधी सांगितलं तर तो लसीचा गुण ठरतो, नंतर सांगितलं तर सारवासारव. एका वस्तीवर एका काकांना लसीच्या रात्री ताप भरला. घरच्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळपर्यंत विहिरीपासून दूध डेअरीपर्यंत बातमी पसरली की लसीनेच फ्लू झाला. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होऊच शकत नाही. पण त्या वर्षी त्या वस्तीवरून दुसरं माणूस लसीला गेलं नाही.

टोचण्याआधी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या: अंगात ताप आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, आणि आधीच्या कुठल्या लसीने अंगावर मोठी ॲलर्जी उठली होती का.

७. कोविडने दार उघडलं आणि लावलंही.

१ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांसाठी कोविडची लस खुली झाली. पहाटेपासून टोकनसाठी रांगा होत्या, काठी टेकत आलेली माणसं मी पाहिली. लस मोफत होती, गावात आली होती, सगळे घेत होते आणि मरण दारात दिसत होतं. शिवाय ती नगर रस्त्याने गेलं की लागणाऱ्या आपल्या पुण्यात बनलेली, सीरमची. आता तीच माणसं म्हणतात, “बास झालं, लई टोचून झालं.” कुणी तरणाताठा माणूस अचानक गेला की लसीकडे बोट जातं. मोबाईलवर रोज काहीतरी फिरत असतं. कोविशिल्डने फार क्वचित रक्ताच्या गाठी होतात ही बाब खरी आहे, आणि विचारलं तर मी ती नाकारत नाही. फ्लूची लस निराळी, कितीतरी वर्षं वापरात असलेली, हे त्यानंतर सांगते. हसण्यावारी नेलं की माणूस तुमच्यासमोर मान डोलावतो आणि घरी जाऊन काही करत नाही.

८. वेळ पावसाच्या आधीची.

परदेशातल्या मुलांचे फोन ऑक्टोबरात येतात, कारण तिकडे तेव्हा घेतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, दुसरा थोडा थंडीत. लस लागू पडायला दोन आठवडे लागतात. म्हणजे एप्रिल-मे. नेमका तोच जत्रांचा, लग्नांचा आणि कांदा चाळीत भरायचा महिना. कुणाला सवड नसते, हेही मान्य. राहिली तर पावसाळ्यात घ्यावी, पुढच्या वर्षावर ढकलू नये.

९. आजी स्वतःचा नंबर शेवटी लावते.

जोडीने आणलं तर आजोबा खुर्चीत बसतात आणि आजी दाराला टेकून उभी राहते. “त्यांना द्या, मला काय धाड भरलीये?” खरं तर चुलीच्या धुराने तिची छाती आधीच अर्धी झालेली असते. नाक गळणारी नातवंडं दिवसभर तिच्याच मांडीवर असतात, आणि घरात फ्लू आणतात ती शाळेतली पोरंच. शिवाय ती पडली तर आजोबांना भाकरी कोण देणार? हा शेवटचा मुद्दा तिला पटतो. तिच्या स्वतःच्या जिवाबद्दल बोलून उपयोग होत नाही. मला हे आवडत नाही, पण मी हाच मुद्दा वापरते.

१०. काहींचा नकार तसाच घ्यावा.

“आमचं काय राहिलंय आता?” हे वाक्य दोन तऱ्हेची माणसं बोलतात. एक बोलून झाल्यावर मुलाकडे बघतं. त्याला मुलाने “असं कसं म्हणता, चला” म्हणायला हवं असतं. दुसरं कुणाकडेच बघत नाही. नव्वदी गाठलेल्या, सगळं ऐकून घेऊन, समजून, शांतपणे नको म्हणणाऱ्या एका आजींना मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या सुनेला आणि नातवंडांना मात्र घ्यायला लावली. घरातल्या बाकीच्यांनी घेतली तर त्यांच्यापर्यंत पोचणारा आजार थोडा तरी अडतो.

ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे, आणि त्यात साखर, दमा किंवा हृदयाचं दुखणं आहे, त्यांनी मे संपायच्या आत डॉक्टरांना विचारावं, लस आहे का ते फोनवर पक्कं करावं, पैसे स्वतः भरावेत आणि दोघांनाही घेऊन जावं. आणि ग्रामसभेत बसणाऱ्यांना माझी विनंती आहे की म्हाताऱ्यांची फ्लूची लस गावच्या उपकेंद्रात मोफत मिळावी असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवा. पोरांचा पोलिओ घरोघर पोचवणारी माणसं आणि लसीचे थंड डबे आपल्याकडे आधीपासून आहेत.